मुराळ्याची बोट

“मुतली का? मुतली! बसा आता.”

हे वाक्य म्हटल्याशिवाय मामांची बोट कधी किनारा सोडत नसे. आधी दोरी ओढून मोटार चालू करायची, मग वाकून तिच्या मागच्या अंगाला हात धरायचा. मोटारीच्या पोटातून फिरून, तिला थंड करून आलेलं पाणी तिथल्या एका बारक्या भोकातून बाहेर पडतं. ती धार तळहातावर पडली की ते मान हलवत, ओला हात पायजम्याला पुसत आणि वरचं वाक्य अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. बोटीत कोण बसलंय याची त्यांनी कधी भीड ठेवली नाही. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेल्या मोठ्या बाई होत्या. त्यांच्यासमोरही हेच. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि बोट निघायची.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चपापलो. खरं तर मला चपापायचं काही कारण नव्हतं, माझा धंदाच गुराढोरांचा. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर नव्हे, पण खेड्यात ज्याच्या गळ्यात नळी तो डॉक्टर. मूळचा मी उदगीरकडचा, घरचं किराणा दुकान. गूळ तोलायचा सोडून गाईंच्या मागे लागलो म्हणून वडील शेवटपर्यंत माझ्यावर थोडे नाराजच राहिले. नोकरीत बदली झाली ती लोहा तालुक्यात, एका धरणाकाठच्या गावी. दवाखाना अलीकडच्या काठाला आणि निम्मी जनावरं पलीकडच्या. रस्त्यानं जायचं तर लोह्यावरून वळसा घालावा लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई. त्यामुळे मी आणि माझा नायट्रोजनचा कॅन, दोघंही त्यांच्या बोटीचे कायमचे गिऱ्हाईक झालो.

गाई फळवायला लागणाऱ्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या थंड ठेवायचा तो जड कॅन. त्यात काय असतं हे कळल्यापासून ते त्याला ‘वळू’ म्हणत. “डाक्टरसाब, वळू चढवा आधी, मंग तुमी चढा. त्याला मधी बसवा, काठाला नगं.” कॅन मध्यभागी आणि मी काठाला, अशी आमची योग्यतेप्रमाणे बसण्याची जागा ठरलेली होती.

गावात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. बुटका माणूस, पण आवाज मोठा आणि बढाया त्याहून मोठ्या. आधी टेम्पो चालवायचे. वडिलांची जमीन धरणात गेली तेव्हा भावानं मोबदल्यातल्या आपल्या वाट्यातून नांदेडला घर बांधलं. यांनी कुठून तरी कोकणातून जुनी पत्र्याची बोट आणि तिची छोटी मोटार ट्रकमध्ये घालून आणली. आमच्या भागात जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं बोट आणणाऱ्याला लोक काय म्हणाले असतील, तुम्हीच ठरवा. त्यांना त्याचं काही नव्हतं. पाण्याच्या मधोमध एका जागी ते मोटार हळू करत. मी कारण विचारलं तर म्हणाले, “आपलं वावर हाय खाली. वावरातून गाडी दामटीत न्हाईत.” थोडं पुढं गेल्यावर पुन्हा वेग वाढवत. ही जागा त्यांना कशी कळायची, देव जाणे. चौफेर नुसतं पाणी.

मोटारीला ते म्हशीसारखं वागवत. तिचं खाणं, पिणं, मुतणं, सगळं त्यांच्या तोंडी असे. एकदा मला म्हणाले, “लावा की तुमची नळी हिला. घरघर वेगळीच येऊन राहिली.” मी गंभीर चेहरा करून मोटारीच्या झाकणाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हटलं, “मामा, गाभण आहे.” पलीकडचा काठ येईपर्यंत तो माणूस हसत होता. पुढं महिनाभर गावात जो भेटेल तो मला मोटार कधी वेणार असं विचारायचा.

त्या मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. त्यांनीच समजावून सांगितलं. “हिच्या पायात रबराचं फूल हाय. सहा पाकळ्याचं. ते गरगर फिरतं आन् खालचं पानी वर ओढतं. पानी वर गेलं तर डोकं थंड. न्हाई गेलं तर डोकं जळालं, मंग गेली मोटार.” म्हणून ती धार. धार आली म्हणजे फूल फिरतंय. “सुकी कदी चालवू ने. पान्याबिगर फिरवली की रबर घासून जळतं, घडीभर बी टिकत न्हाई.” हे ते ज्याला त्याला सांगत. ज्यांनी जन्मात मोटारीला हात लावला नसता अशा म्हाताऱ्यांनाही सांगत.

आता त्यांच्या लेकीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे.

मंगल ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला उमरीचं स्थळ आलं होतं, मुखेडचं आलं होतं. यांनी दोन्ही परतवली आणि मुलगी दिली ती पाण्याच्या पलीकडच्या गावात. मामींना ते पटलं नव्हतं. “पान्याच्या पल्याड लेक देऊ ने. वरीस वरीस तोंड दिसायचं न्हाई,” असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. यांचं उत्तर तयार, “अगं, बोट हाय म्हणून तर तिथं दिली. समोर तर हाय. घाटावर येऊन उभी राहिली की मी पोचलोच.”

मंगलनं लग्नाआधी बापाला एकच विचारलं होतं, पंचमीला दरसाल न्यायला येणार ना? आमच्याकडे नागपंचमीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला बाप नाहीतर भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासरच्या गल्लीत मुलीची मान वर होते, आणि नाही आला की शेजारणी दोन दिवस गोड आवाजात चौकशी करतात. मंगलला भाऊ नव्हता. बापानं सगळ्यांदेखत शब्द दिला.

पहिल्या पंचमीला ते गेले तेव्हा मी बोटीत होतो. डोक्याला फेटा, बोटीच्या नाकाला आंब्याची डहाळी. पलीकडं अर्धं गाव घाटावर आलेलं. इतरांचे मुराळी एसटीनं नाहीतर जीपनं आलेले, धुळीनं माखलेले. यांनी बोट लावली आणि तिथूनच ओरडले, “चला, मंगलबाई! गाडी लागली!” ती पोरगी हातभर हिरव्या बांगड्या सावरत, लाजत, हसत उतारावरून आली. सासूनं ओटीत काहीबाही घातलं. परतताना बाप मोटारीपाशी बसून अखंड बोलत होता आणि लेक पाण्यात हात सोडून बसली होती. दोघांनाही त्या बोटीचा किती अभिमान वाटत होता ते मी पाहिलं. अशा दोनतीन पंचम्या झाल्या.

मग एक कोरडं साल आलं. धरणाचं पाणी आक्रसत भिंतीशी गेलं आणि घाटासमोर भेगाळलेला गाळ उरला. लोक त्या गाळातून वाट पाडून पायीच पलीकडं जाऊ लागले, पुढं पुढं तर मोटारसायकलीही घालू लागले. बोट उताणी पडली. मोटार मामांच्या अंगणात, म्हशीच्या दावणीशेजारी लाकडी घोड्यावर बसवलेली.

बसून राहिली तर मोटार आखडते, म्हणून ती आठवड्यातून एकदा चालवायला हवी. त्यासाठी ते पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये तिचा पाय बुडवून ती चालू करत. पहिले काही आठवडे जमलं. तेच पाणी पुन्हा वापरता येई. पण मग टँकरच्या खेपा कमी झाल्या, आला की मिळेल त्यात पाणी धरून ठेवायचं असं झालं. घरात मोठा ड्रम तोच. मामींनी तो रिकामा केला, राखेनं घासून त्याचा तेलकटपणा काढला आणि पाण्यासाठी घेतला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर एका दुपारी मी दवाखान्यात बसलो होतो आणि मोटारीचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी. झाडाखाली बसलेले म्हातारेसुद्धा माना वर करून हसले. आवाज थोडाच वेळ आला आणि बंद झाला. मला वाटलं, मामांनी कुठून तरी पाणी पैदा केलं. मी कौतुकानं विषय सोडून दिला.

पुढच्या श्रावणात, पंचमीच्या तोंडावर, वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि धरण भराभरा चढलं. गाळातली वाट बुडाली. मामांची एकच धांदल उडाली. बोटीचे सांधे उन्हानं उकललेले, त्यांत डांबर भरण्यात दिवस गेले. मोटार बसवली ती थेट पंचमीच्या आदल्या दिवशी, निघायच्या वेळेला. मलाही पलीकडं एका माजावर आलेल्या गाईकडं जायचं होतं. मंगलचा फोन येऊन गेला होता, “बाबा, मी घाटावर येते.”

दोरी ओढल्यावर मोटार लगेच चालू झाली. मामांनी हात धरला. धार आली नाही. थांबून पुन्हा धरला. चार थेंब पडले, मग थोडी लुळी, कढत धार आली आणि बंद झाली. मी विचारलं, “काय झालं?”

“काय न्हाई. वरीसभर बसून होती. मधी गेली की सुटंल.”

त्या दिवशी ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही. पंचमीचा आदला दिवस नसता तर त्यांनी मला आणि माझ्या वळूला उतरवून मोटार घरी नेली असती, याबद्दल मला शंका नाही.

निम्म्याहून थोडं अलीकडं असताना जळका वास आला. मोटार शिट्टीसारखा आवाज करू लागली आणि थांबली. झाकणाला हात लावला तर चटका बसला. मामांनी ती गार होऊ दिली, दोरी ओढली. सुरू झाली, दहा हात गेली, थांबली. पुन्हा ओढली. तळहाताची सालटी निघेपर्यंत ओढली. मी वल्ही शोधू लागलो तर वल्ही नाहीत. मोटार असताना वल्ही कशाला, म्हणून त्यांनी ती केव्हाच घरी नेली होती आणि मामींनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता. मी एक फळी घेऊन पाणी मारू लागलो. वारा आमच्या तोंडावर. मी जेवढं पुढं नेत होतो त्याहून जास्त तो मागं लोटत होता.

पलीकडचा घाट समोर दिसत होता. त्यावर माणसं होती आणि त्यांत एक हिरवं लुगडं ओळखू येत होतं. फोन वाजला.

“हाव, हाव, दिसून राहिलीस. जरा थांब, आत्ता होते,” मामा म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. आणि पुन्हा तेच. शेवटी थर्मोकोलच्या तराफ्यावर जाळी टाकणारे दोघे भोई आले. मामा त्यांना म्हणाले, “पल्याड ओढा, माय शपथ, पल्याड.” त्यांनी वाऱ्याकडं बोट दाखवलं आणि दोरी बांधून आम्हाला अलीकडं आणलं.

मी म्हटलं, मामा, लोह्यावरून जीप करा, संध्याकाळपर्यंत पोचाल. त्यावर ते माझ्यावरच उखडले. “जीपनं? साऱ्या गावाला म्हणून ठिवलं, मुराळी पान्यावरून येतो. आन् आता जीपमधून उतरू?” ते मोटारीचं झाकण काढून बसले. आत्ता होते, आत्ता होते. समोरची माणसं एकेक करून घाटावरून निघून गेली. हिरवं लुगडं तेवढं उभं होतं. शेवटी त्यांनी जीपचं नाव काढलं तेव्हा दिवस मावळला होता आणि सणामुळे एकही गाडी रिकामी नव्हती. जावयांचा फोन आला. “मामा, राहू द्या आता. उद्या सण हाय, इथलं बी बघावं लागतं.” माणूस वाईट नव्हता, सरळच बोलला. मग मंगलनं फोन घेतला. “बाबा, तुमी पान्यातून सुखरूप निघालाव ना? मंग झालं. मला काय वाईट वाटलं न्हाई.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. फोन ठेवून ते मला म्हणाले, “वाईट वाटलं न्हाई म्हणती.”

त्या रबराच्या फुलाचंच दुखणं असणार हे मामांनी ओळखलं, पण नवं मिळवताना आमच्या नाकी नऊ आले. मी सोबत गेलो होतो नांदेडला. मोटारपंपाच्या दुकानांची अख्खी ओळ पालथी घातली. एकानं कूलरच्या पंपाचा पंखा दाखवला, एकानं मिक्सरच्या भांड्याखालचं रबर दाखवून तेच छाटून बसवा म्हणून सुचवलं. बोटीची मोटार म्हटल्यावर एक दुकानदार बाहेर येऊन आमच्याकडं बघू लागला. अखेर लातूरला माझा एक मावसभाऊ पंपांचा व्यापार करतो, त्यानं मुंबईहून मागवून दिलं. हातात घेतलं तेव्हा हसू आलं. इवलंसं काळं फूल, मुठीत मावणारं.

बदलताना मी होतो. लिंबाखाली पोतं अंथरलं होतं. मामांनी मोटारीचा खालचा पाय सोडवला, त्यावरचं पंपाचं झाकण उघडलं. आत फुलाच्या दोनच पाकळ्या धड होत्या. बाकीच्या तुटलेल्या, काळ्या कडक. तुटलेले तुकडे आतच राहिले तर पाण्याची वाट बुजते, म्हणून त्यांनी एकेक तुकडा काढून पोत्यावर फुलाच्या आकारात मांडला. एक पाकळी कमी भरली. ती वरच्या नळीत अडकलेली होती. मी जनावरांसाठी वापरतो तो लांब चिमटा घालून ती ओढून काढली. नव्या रबराला लावायला माझ्याकडचं कासेचं मलम घेतलं. मग ते फूल फिरवत फिरवत, सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला मुडपत त्यांनी पंपाच्या खोबणीत बसवलं. उलट्या मुडपल्या तर मोडतात म्हणे.

हे सगळं करताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “म्या सुकी चालवली व्हती.”

“कधी?”

“उन्हाळ्यात. ड्रम न्हवता. वाटलं, आखडून जाईल. पंचमीला दगा देईल. म्हटलं, घडीभर फिरवून बघू. मालूम असून चालवली, डाक्टरसाब.”

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला मागितला असता तर दिला असता की ड्रम. एक दिवस कळशीत भागवलं असतं.”

“मागायला तोंड न्हवतं,” मामा म्हणाले. “लेकरं घागरीमागं पळून राहिली आन् मी मोटारीला ड्रम मागू?”

मामी आत गेल्या आणि चहा टाकला. नवं फूल बसलेली मोटार घाटावर नेऊन चालू केली. धार आली, जाड आणि गार. मामांनी हात धरला, पुसला आणि गप बसले. मीच म्हटलं, “मुतली की हो मामा.” ते म्हणाले, “आता मुतून काय उपेग.”

पुढच्या पंचमीला मंगल आली, पण जावयांच्या मोटारसायकलवर, लोह्यावरून. तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं, “बाबा, तुमाला उगं तरास कामून. आमी गाडीवर येतो.” मनात काही धरून ती म्हणाली नव्हती, हे मला दिसत होतं. तिला बापाला पुन्हा तसं अडकलेलं बघायचं नव्हतं. पण यांनी त्याचा अर्थ एकच घेतला, की आपला शब्द गेला. त्यांनी तिला एकदाही म्हटलं नाही, की गाडीवर नको, मी येतो.

बोट मात्र आधीपेक्षा नेटकी चालू लागली. दर श्रावणात, पंचमीच्या आधी, रबर चांगलं असो नसो, ते नवं बसवायचे. जुन्या पाकळ्या तपासायचेही नाहीत. आणखी एक सवय लागली. पलीकडं गेल्यावर ते मोटार बंद करीनात. माणसं उतरून नवी चढेपर्यंत ती धडधडत राही. “एकदा बंद केली आन् परत चालू झाली न्हाई म्हंजी?” असं विचारायचे. धूर आणि आवाज यांनी आम्ही वैतागायचो.

एका पंचमीच्या आदल्या सकाळी मी कामानं पलीकडच्या गावात होतो. घाटाकडं आलो तर बोट लागलेली. नाकाला आंब्याची डहाळी. मामा फेटा बांधून मोटारीपाशी बसलेले आणि मोटार चालू.

“मामा, कोणाला न्यायचंय?”

“कोणाला न्हाई. नवं रबर हाय, फिरवून राहिलो.”

मी शेजारी बसलो. ते वरच्या आळीकडं बघत होते. मंगलचं घर तिथं, गच्ची दिसते. मी म्हटलं, “एक हाक मारा की. नाहीतर फोन लावा. ती पळत येईल.”

“न्हाई. एकदा लेकीला साऱ्या गावाम्होरं उभं केलं. आता कोणत्या तोंडानं हाक मारू? तिला बसावं वाटलं तर ती उतरंल खाली. मी आपला येऊन जातो.”

“दरसाल येता?”

“हाव.”

ऊन चढल्यावर त्यांनी बोट वळवली. मला घेतलं, वळूला मधे बसवलं. घरी मामींनी विचारलं तर म्हणाले, “पाशिंजर न्हवतं कुणी.” दुपारी मंगल गाडीवरून आली तेव्हा हे अंगणात बोटीची दोरी उलगडत असल्यासारखे बसले होते. फेटा खुंटीला होता. “आलीस का? उन्हाचं कामून आलाव,” एवढंच म्हणाले. माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड उघडायचं नाही. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

मग माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली. पण श्रावण जवळ आला की फोन हमखास यायचा. “डाक्टरसाब, त्या मावसभावाला सांगा, फूल पाठवा. इकडं पंचमी आली.” मी रबर पाठवायचो आणि विचारायचो, यंदा तरी बोलणार का लेकीशी? “बघू की,” म्हणायचे. मग म्हशी कशा आहेत, वळू कसा आहे, असं काहीबाही.

गेल्या थंडीत मामींचा फोन आला. सकाळी म्हशीला पाणी दाखवता दाखवता ते खाली बसले. नांदेडला नेताना वाटेतच गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. मंगल माहेरीच होती. ती आता तिशीकडे झुकलेली, थोडी स्थूल झालेली, पण हसायला लागली की बापाचा चेहरा. त्या दिवशी हसत नव्हती. मामी आत पडून होत्या. मंगलनं मला चहा दिला आणि उंबऱ्यापाशी बसली.

“भाऊ, एक विचारू? पंचमीच्या आदल्या दिवशी बाबा बोट घेऊन आमच्या घाटावर यायचे. कुणाला आणायला यायचे? आई म्हणती, पाशिंजर घ्यायला. पण मी इकडं आले की बोट रिकामीच आलेली असायची म्हणं.”

आता गप बसण्यात अर्थ नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. डहाळीचं सांगितलं, फेट्याचं सांगितलं, एकदा मी शेजारी बसलो होतो तेही सांगितलं. ती पदराची कड बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“मला दिसायची बोट,” ती म्हणाली. “दरसाल दिसायची, गच्चीवरून. मला वाटायचं, सणाचं गिऱ्हाईक असतं, म्हणून डहाळी बांधत असतील. मला न्यायला आले असते तर बोलले असते ना?”

मी हातातला कप खाली ठेवला.

“ह्या गेल्या पंचमीला ह्यांची गाडी बिघडली होती. मी बगितलं, खाली बाबांची बोट लागून हाय. पिशवी घेतली आन् पळत उतरले. घाटावर पोचले तवर बोट वळली होती. लई हाका मारल्या, भाऊ. बाबा, बाबा म्हणून. कपडे धुनाऱ्या बाया बी वरडल्या. त्यांनी मागं बगितलंच न्हाई. ती मोटार एवढी धडधडून राहिली होती, कुठलं ऐकू येतंय.”

“मग घरी आल्यावर सांगितलं नाहीस?”

“दुसऱ्या दिशी जीपनं आले. सांगनार व्हते. मंग म्हटलं, कामून सांगायचं? त्यांच्या जिवाला लागंल. लेक घाटावर हाका मारून राहिली आन् आपण तशीच बोट काढली, असं वाटंल त्यांना. आधीचंच इतकं मनाला लावून घेतलं होतं. म्हणून न्हाई बोलले.”

मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, “त्यांना ऐकूच आलं नसंल ना भाऊ? म्हंजी ऐकू येऊन तर गेले नसतील ना?”

“नाही आलं,” मी म्हणालो. “त्या मोटारीपाशी बसलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. मी बसलोय ना तिथं.”

तिला बरं वाटलं असावं. कप घेऊन ती आत गेली. तिची हाक ऐकू आली असती तर त्या माणसानं बोट वळवायलाही वेळ लावला नसता, तिथूनच पाण्यात उडी टाकून पोहत आला असता. हे माझ्या ओठावर आलं होतं, पण तिला सांगवलं नाही.